लव्हाळ्यांचें अंतरंग

पावसाळा अर्ध्यावर आला म्हणजे कोंकणांतील भाताच्या खाचरांत रोपांच्या ओळींमधून दुसरींच कांहीं हिरवीं पातीं वर डोकावूं लागतात. दुरून पाहणाऱ्यास तें गवतच वाटतें. शेतकरी त्यांपैकीं कांहींना मोथा म्हणतो, कांहींना लव्हाळा म्हणतो, आणि बेणणीच्या वेळीं नांवाचा फारसा विचार न करितां सर्वांनाच उपटून बांधावर टाकतो. त्याच्या कामापुरतें एवढें ज्ञान पुरेसें आहे. परंतु या रोपांची नेमकी ओळख पटविण्याचें काम ज्याच्याकडे येतें, त्या वनस्पतिशास्त्रज्ञापुढें मोठी अडचण उभी राहते. दोन रोपें बाहेरून जुळ्या भावंडांसारखीं दिसतात. तीं एकाच जातीचीं कीं दोन निराळ्या जातींचीं, हें ठरवावयाचें कशावरून? या प्रश्नाचीं जीं उत्तरें आजवर मिळालीं आहेत, त्यांतलें एक फार मनोरंजक उत्तर रोपाच्या पोटांत दडलेलें आहे.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं लव्हाळा म्हणजे गवत नव्हे. ही गोष्ट बोटांनाच कळते. लव्हाळ्याची काडी चिमटींत धरून फिरवून पहावी. बहुतेक जातींत ती तीनधारी लागते आणि आंतून भरीव असते. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि जागोजागीं पेरें असलेली असते. गवताचीं पानें दोन रांगांत निघतात, लव्हाळ्याचीं तीन रांगांत. शिवाय लव्हाळ्याच्या पानाचा तळ काडीभोंवतीं बंद नळीसारखा बसलेला असतो. नियमाला अपवाद आहेतच, कारण गोल काडीचे लव्हाळेहि पुष्कळ आहेत. या कुलांत जगभर मिळून सुमारें ५,५०० जाती आहेत आणि त्यांतील कॅरेक्स या एकट्या वंशांत दोन हजारांच्या आसपास. प्राचीन मिसर देशांत ज्याच्या गाभ्यापासून लिहिण्याचीं पानें तयार होत तो पपायरस, गांठीसारख्या कंदांसाठीं वैद्य ज्याचा शोध घेतात तो नागरमोथा, आणि संतवाणीनें ज्याच्या नम्रतेची साक्ष काढली तो पुरांत तग धरणारा लव्हाळा, ही सारी एकाच घराण्यांतली मंडळी होय.

या घराण्यांत वर्गीकरणकर्त्याला अडविणारी गोष्ट म्हणजे त्याचें फूल. फुलझाडांचें वर्गीकरण परंपरेनें फुलावर उभें आहे. पाकळ्या किती, केसर किती, बीजकोश वर कीं खालीं, अशा प्रश्नांच्या उत्तरांवर कुलें आणि वंश ठरत आले. लव्हाळ्याच्या फुलाला हे प्रश्न विचारून फारसा उपयोग होत नाहीं. त्याचें परागवहन बहुधा वाराच करतो, त्यामुळें कीटकांना भुलविणारा रंग, वास, मध यांपैकीं कांहींहि बाळगण्याची त्याला गरज उरलेली नाहीं. एक तपकिरी किंवा हिरवट खवला, त्याच्या आडोशाला बहुधा तीन किंवा त्याहून कमी केसर, एक बीजकोश आणि त्यापासून होणारें दोनतीन मिलिमीटरांचें एकबीजी फळ, एवढाच त्याचा संसार. ज्या घरांत भांडींच चार, त्या घराची चोरी ओळखणें जसें कठीण, तसेंच येथें फरक ओळखणें कठीण.

हिंदुस्थानांतील लव्हाळ्यांचा सविस्तर हिशेब ज्यांनीं मांडला, त्यांत चार्ल्स बॅरन क्लार्क याचें नांव ठळक आहे. हा गृहस्थ मूळचा केंब्रिजमध्यें शिकलेला गणिती. तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापक म्हणून आला, पुढें बंगाल व आसाम या भागांत शाळांचा निरीक्षक झाला आणि फिरतीवर असतां वनस्पती गोळा करीत राहिला. शाळा तपासणाऱ्या किती अधिकाऱ्यांनीं असा दुसरा संसार सांभाळला असेल, कोण जाणे! हूकर यानें संपादिलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाच्या सहाव्या खंडांत लव्हाळ्यांचें कुल क्लार्कनेंच लिहिलें. त्याची मुख्य हत्यारें म्हणजे भिंग, फळ, खवल्यांची मांडणी आणि विलक्षण स्मरणशक्ति. या हत्यारांनीं जेवढें साधण्यासारखें होतें तेवढें त्यानें साधलें. परंतु जेथें दोन जातींचीं फळें व खवले एकमेकांशीं तंतोतंत जुळतात, तेथें भिंगाचें काम संपतें आणि सूक्ष्मदर्शक यंत्राचें सुरू होतें.

पानाचा छेद घेणें ही क्रिया ऐकतांना अवघड वाटते, पण तिला लागणारें साहित्य घरगुती म्हणावें असें आहे. पानाच्या मध्यभागाचा लहानसा तुकडा गाजराच्या चिरेंत बसवावयाचा आणि वस्तऱ्याच्या धारदार पात्यानें गाजरासकट अत्यंत पातळ काप घ्यावयाचे. काप पाण्यांत सोडले म्हणजे त्यांतला सर्वांत पातळ, जवळजवळ पारदर्शक काप निवडून रंगाच्या थेंबांत बुडवून कांचेवर ठेवावयाचा. तुकडा नेहमीं पानाच्या एकाच भागांतून घेतला पाहिजे, कारण टोंकाची आणि तळाची रचना सारखी नसते. दोन जातींची तुलना करावयाची तर ती सारख्या जागेचीच करावयास हवी. यांत मोठी सोय अशी कीं रोप ताजें असण्याची गरज नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं कागदावर चिकटवून वाळविलेल्या नमुन्याचा नखाएवढा तुकडा पाण्यांत उकळला कीं पेशी पुनः फुगतात आणि रचना ओळखूं येते. अर्थात् जुन्या नमुन्यांतून असे तुकडे घेतांना हात आंखडताच ठेवावा लागतो.

यंत्राखालीं सर्वांत बाहेर दिसते ती त्वचा. तिच्या कांहीं पेशींत एक चमत्कारिक वस्तु आढळते. पेशीच्या तळावर बूड टेकून, टोंक बाहेरच्या बाजूस करून बसलेला, कांचेसारखा पारदर्शक असा इवलासा शंकु! हा शंकु वाळूच्याच द्रव्याचा, म्हणजे सिलिकाचा, बनलेला असतो. मुळांवाटे पाण्याबरोबर आलेली सिलिका रोप अशा रीतीनें सांठवून ठेवतें. ज्या पेशींच्या खालून कठीण तंतूंचे पट्टे जातात त्या पेशींतच हे शंकु बहुधा असतात. गवतांतहि सिलिकेचे कण असतात, पण त्यांचे आकार निराळे. कोठें खोगिरासारखे, कोठें डमरूसारखे. त्यामुळें पानाच्या एका चिंधीवरूनहि तें गवताचें कीं लव्हाळ्याचें हें बहुधा सांगतां येतें. एकेका पेशींत एकच शंकु आहे कीं अनेक, मोठ्या शंकूभोंवतीं बारीक शंकूंचा घोळका आहे कीं नाहीं, असे फरक पुढें वंश व जाती ओळखावयासहि उपयोगी पडतात. लंडनजवळील क्यू येथील उद्यानाच्या जॉड्रेल प्रयोगशाळेचे प्रमुख राहिलेले सी. आर. मेटकाफ यांनीं असल्या बारीकसारीक निरीक्षणांचा मोठा संग्रह केला आणि एकबीजपत्री वनस्पतींच्या अंतररचनेवरील ग्रंथमालेंत लव्हाळ्यांना वाहिलेला स्वतंत्र खंड १९७१ सालीं प्रसिद्ध केला. हा ग्रंथ वाचावयास रुक्ष आहे, पण अभ्यासकाला त्यावांचून चालत नाहीं.

परंतु लव्हाळ्यांच्या अंतररचनेंतील खरी नवलाची गोष्ट त्वचेंत नसून तिच्या आंत, शिरांच्या भोंवतीं आहे. ती समजण्यासाठीं भाताच्या खाचरांतलींच दोन रोपें घ्यावींत. एकाचें शास्त्रीय नांव सायपेरस इरिया, दुसऱ्याचें सायपेरस डिफॉर्मिस. दोघेहि एकाच वंशांतले, दोघेहि वर्षायु, आणि फुलोरा येण्यापूर्वीं दोघांना वेगळें ओळखणें सरावलेल्या डोळ्यालाहि जड जातें. फुलोरा आल्यावर इरियाचीं कणिसें दांड्यावर लांबट मांडणीनें बसतात आणि डिफॉर्मिसचीं कणिसें गोल गोळ्यासारखीं एकत्र गुंततात. आतां दोघांच्या पानांचे छेद शेजारीं शेजारीं ठेवून पहावे. डिफॉर्मिसच्या छेदांत हरितद्रव्यानें भरलेल्या पेशी दोन शिरांमधल्या जागेंत सैल पसरलेल्या दिसतात. शिरेच्या निकट कांहीं खास घडत आहे असें वाटत नाहीं. इरियाच्या छेदांत मात्र शिरा दाटीवाटीनें बसलेल्या असतात. प्रत्येक शिरेच्या वाहिन्यांना लगटून गर्द हिरव्या पेशींचें एक कडें असतें, त्याच्या बाहेर जाड भिंतींच्या बिनरंगी पेशींचें दुसरें कडें, आणि त्याच्याहि बाहेर किरणांसारख्या उभ्या लागलेल्या हिरव्या पेशी. सगळें मिळून एखादी वेणी गोल गुंफून ठेवावी तसें दिसतें.

शिरेभोंवतींच्या या मांडणीचें वर्णन हाबरलांड या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत केलें आणि तिला जर्मन भाषेंतील 'क्रान्झ', म्हणजे फुलांचें वलय, हें नांव दिलें. लव्हाळ्यांच्या वर्गीकरणाला तिची जोड देण्याचें धाडस मार्टिन रिकली यानें केलें. १८९५ सालीं त्यानें लव्हाळ्यांच्या तुलनात्मक अंतररचनेवर निबंध प्रसिद्ध केला आणि आंतलें हिरवें कडें असलेल्या व नसलेल्या लव्हाळ्यांची सरळ फारकत करून टाकली. सायपेरस या जुन्या वंशाचे तुकडे पाडून कडें असलेल्या जातींसाठीं त्यानें क्लोरोसायपेरस हा नवा वंश उभा केला. बाहेरून ज्यांना कोणी वेगळें म्हटलें नसतें अशा रोपांना केवळ पोटांतल्या एका कड्यासाठीं निराळ्या घरांत पाठवणें पुष्कळांना पटलें नाहीं, आणि त्याचा वंश सर्वमान्य झाला नाहीं. या आक्षेपांत तथ्य होतें. त्या कड्याचें काम काय, हेंच त्या वेळीं कोणास सांगतां येत नव्हतें. आणि ज्या लक्षणाचा अर्थ कळत नाहीं त्याला किती वजन द्यावें हें ठरविणेंहि कठीणच.

अर्थ कळावयास सुमारें सत्तर वर्षें जावीं लागलीं. १९६६ सालीं हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनीं ऑस्ट्रेलियांत उंसाच्या पानांवर प्रयोग करून दाखविलें कीं कांहीं वनस्पती हवेंतील कार्बन वायु निराळ्या वाटेनें पकडतात. साध्या वनस्पतींत पहिला पदार्थ तयार होतो तो तीन कार्बन अणूंचा. यांच्यांत तो चार अणूंचा होतो. बाहेरच्या हिरव्या पेशी हा वायु पकडून चार कार्बनी आम्लाच्या रूपानें आंतल्या कड्याकडे पोंचवितात, आणि तेथें तो पुनः मोकळा होऊन त्याची साखर बनते. आंतल्या पेशींत वायूची अशी दाटी झाल्यामुळें कडक उन्हांत होणारी नासाडी टळते आणि तेवढ्याच पाण्यांत अधिक काम होतें. ऊंस, मका, ज्वारी, बाजरी हीं याच पंथाचीं पिकें. भात आणि गहूं हीं जुन्या, तीन कार्बनी पंथाचीं. म्हणजे ज्या खाचरांत भात उभा आहे, तेथें सायपेरस डिफॉर्मिस हा त्याच्याच पंथाचा प्रतिस्पर्धी आणि सायपेरस इरिया हा दुसऱ्या पंथाचा. चिखलांत पाणी तुंबून राहिलें तर डिफॉर्मिसचें फावतें. पाऊस ओढ देऊन ऊन तापलें तर इरियाला तें सोसतें. दोघांना एकच लव्हाळा समजून चालणाऱ्याला हा भेद दिसणार नाहीं. नागरमोथा, ज्याचें शास्त्रीय नांव सायपेरस रोटंडस, तोहि चार कार्बनी आहे; भर उन्हाळ्यांतील त्याच्या चिवटपणाचें सर्व श्रेय जमिनींतल्या कंदांच्या माळेला देतां येणार नाहीं.

मग रिकली बरोबर होता काय? अलीकडे जनुकद्रव्याच्या तुलनेवरून लव्हाळ्यांची वंशावळ मांडली गेली आहे. तिच्या आधारें असें दिसतें कीं सायपेरस वंशांतील हिरव्या कड्याच्या साऱ्या जाती खरोखरच एका पूर्वजापासून आलेल्या आहेत. व्यापक अर्थानें घेतलेल्या या वंशांत साडेनऊशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांपैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक या एका शाखेच्या आहेत. येथवर रिकलीचा तर्क खरा ठरला. उरलेल्या, कडें नसलेल्या जाती मात्र एका शाखेच्या नाहींत. त्या बुंध्यावर निरनिराळ्या ठिकाणीं फुटलेल्या फांद्या आहेत, आणि कड्याची शाखा त्यांच्यामधूनच वर आलेली आहे. म्हणून वंशाची दोन सरळ वाटणीं होऊं शकत नाहींत. उलट, कणसांच्या निराळ्या घडणीमुळें पूर्वीं स्वतंत्र मानलेले कायलिंगा व पायक्रियस हे वंशहि त्याच शाखेंतले निघाल्यामुळें २०१४ सालीं त्यांना सायपेरसमध्यें सामावून घेण्यांत आलें. बाहेरून इतके निराळे दिसणारे हे नातेवाईक आंतल्या कड्यानें आपलें नातें पहिल्यापासून सांगतच होते.

येथें एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. हिरवें कडें दिसलें कीं नातें सिद्ध झालें, असें मानणें चूक होय. लव्हाळ्यांच्या कुलांत चार कार्बनी पद्धति किमान पांच वेळां स्वतंत्रपणें उत्पन्न झालेली आहे. सुदैवानें निसर्गानें प्रत्येक वेळीं कड्याची घडण अगदीं एकसारखी ठेवली नाहीं. सायपेरसच्या शिरेभोंवतीं आवरणें दोन; फिम्ब्रिस्टायलिस या वंशांत तीं तीन; ऱ्हिंकोस्पोराच्या चार कार्बनी जातींत एकच. म्हणजे कडें आहे एवढ्यावर न थांबतां तें कितव्या थरांत आहे हें मोजलें तर वरवर सारखीं दिसणारीं साधनें निरनिराळ्या घरांत तयार झालेलीं आहेत हें उघड होतें. दुसरा धोका याहून विलक्षण. अमेरिकेच्या आग्नेय भागांत इलिओकॅरिस व्हिव्हिपारा नांवाचा एक बारीक लव्हाळा होतो. जपानमधील शास्त्रज्ञ ओसामु उएनो व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं दाखवून दिलें कीं हें रोप जमिनीवर वाढलें तर त्याच्या काड्यांत चार कार्बनी पद्धति व तिला साजेशी रचना असते, आणि तेंच पाण्याखालीं बुडून वाढलें तर नव्या काड्या तीन कार्बनी पद्धतीच्या निघतात! एकाच रोपाचे दोन छेद दोन परक्यांच्या हातीं दिले तर ते त्याला दोन जाती ठरवून मोकळे होतील. म्हणूनच छेद कोणत्या जागीं, कोणत्या पाण्यांत वाढलेल्या रोपाचा आहे याची नोंद छेदाइतकीच महत्त्वाची.

थंड देशांतील कॅरेक्स वंशांत हिरव्या कड्याचा उपयोग नाहीं, कारण तेथें सर्वच जाती तीन कार्बनी आहेत. तेथें मदतीला येतात त्या पानावरील श्वसनाच्या सूक्ष्म खिडक्या, म्हणजे रंध्रें. ब्रिटनमधील दलदलींत कॅरेक्स नायग्रा व कॅरेक्स अ‍ॅक्यूटा या दोन निकटच्या जाती आढळतात. त्यांचा आपसांत संकरहि होतो, त्यामुळें घोंटाळ्यांत भर पडते. नायग्राचीं रंध्रें मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूस असतात, अ‍ॅक्यूटाचीं खालच्या बाजूस. याच्याशीं जुळणारी एक गंमत यंत्राशिवायहि पाहतां येते. पान वाळूं लागलें म्हणजे नायग्राच्या पानाच्या कडा वरच्या बाजूनें आंत वळतात आणि अ‍ॅक्यूटाच्या कडा खालच्या बाजूस मुरडतात. दोहोंतहि रंध्रें असलेली बाजूच झांकली जाते. लिसा स्टँडली यांनीं १९९० सालीं कॅनडांतील वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकांत कॅरेक्सच्या वर्गीकरणांतील अंतररचनेच्या स्थानाचा स्वतंत्र परामर्ष घेतला आहे. अशा निकटच्या जातींत कोणतेंहि एक लक्षण एकटें पुरें पडत नाहीं. रंध्रें, त्वचेवरचे सूक्ष्म उंचवटे, तंतूंचे पट्टे आणि हवेच्या पोकळ्या हीं सर्व एकत्र साक्ष देतील तेव्हांच निकाल देणें बरें.

नांवाचा घोळ केवळ विद्वानांच्या टेबलावर राहत नाहीं. औषधी बाजारांत नागरमोथा म्हणून सायपेरस रोटंडस आणि सायपेरस स्कॅरिओसस या दोहोंचे कंद विकले जातात, आणि चूर्ण झाल्यावर काडी, पान, फुलोरा यांपैकीं कांहींच उरत नाहीं. उरतात त्या पेशी. म्हणूनच भारताच्या आयुर्वेदीय औषधिकोशांत मुस्त्याच्या कंदाचें बाह्य वर्णन देऊन न थांबतां सूक्ष्मदर्शकाखालीं दिसणाऱ्या रचनेचेंहि वर्णन दिलेलें आहे.

पेशींनीं दिलेली सर्वांत लांबच्या काळाची साक्ष मात्र एका फळाची आहे. समुद्रकांठच्या व दलदलीच्या भागांत बोल्बोस्कीनस नांवाचे धिप्पाड लव्हाळे होतात. मध्य युरोपांत सापडणाऱ्या या सर्वांना पुष्कळ काळ बोल्बोस्कीनस मॅरिटिमस, म्हणजे 'समुद्राजवळचा', या एकाच नांवाखालीं घातलें जात असे. पुढें त्यांच्या इवल्याशा फळांचे छेद पाहण्यांत आले. फळाच्या कवचांत बाहेरचा थर हवेनें भरलेल्या पेशींचा आणि त्याच्या आंतला थर अतिशय कठीण पेशींचा असतो. मॅरिटिमसमध्यें बाहेरचा हवेचा थर चांगला जाड असतो आणि फळ दीर्घकाळ तरंगतें. यागारा या जातींत तोच थर अगदीं पातळ आणि कठीण थर जाड. या दोन थरांचें प्रमाण मोजूं लागल्यावर एका नांवाखालीं अनेक जाती नांदत होत्या हें ध्यानांत आलें, आणि २००४ सालीं तर बोल्बोस्कीनस लॅटिकार्पस ही नवीच जाति वर्णन करण्यांत आली.

आतां पश्चिम आशियांत तुर्कस्तानांतील चातालह्यूक, सिरियांतील अबू हुरेरा यांसारख्या अतिप्राचीन वस्त्यांच्या उत्खननांत, चुलींच्या व राखेच्या थरांत या लव्हाळ्यांचीं जळून कोळसा झालेलीं फळें सांपडलेलीं आहेत. शेती नुकतीच सुरू होत होती त्या काळचीं, हजारों वर्षांपूर्वींचीं तीं फळें. त्यांना जुन्या संवयीनें समुद्राजवळच्या लव्हाळ्याचें नांव मिळालें होतें, आणि त्यावरून त्या वस्त्यांजवळ खारट दलदल असावी असें अनुमान निघण्यासारखें होतें. कोळसा झालेल्या फळांत जनुकद्रव्य बहुधा टिकत नाहीं. पण कवचाचे थर कोळशांतहि आपला आकार सोडीत नाहींत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत पश्चिम आशियांतील प्राचीन स्थळांच्या अशा फळांचीं कवचें आजच्या जातींच्या कवचांशीं ताडून पाहण्यांत आलीं, आणि तीं बोल्बोस्कीनस ग्लॉकस या निराळ्या जातीचीं ठरलीं. ग्लॉकस हा मुख्यतः गोड्या पाण्याच्या कांठचा, भाताच्या शेतांतहि शिरणारा लव्हाळा आहे.